चार अक्षरं की चार पानं?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी भुसावळचा. वय २७, एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम. दोन वर्षांपासून मला जिओकॅशिंगचा नाद लागला आहे. कुणीतरी कुठेतरी डबी लपवतो (खेळात तिला ‘कॅश’ म्हणतात), तिचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर देतो आणि आम्ही मोबाइल घेऊन ती शोधत फिरतो. सापडली की आतल्या कागदावर नाव-तारीख टाकायची, डबी होती तशी ठेवायची आणि घरी येऊन वेबसाइटवर नोंद, म्हणजे लॉग, लिहायचा. वडिलांना पहिल्यांदा ‘कॅश सापडली’ म्हणून फोन केला तेव्हा त्यांनी ‘किती?’ असं विचारलं होतं.

अडचण लॉगची आहे. मला लिहायला आवडतं. मागच्या महिन्यात यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला एक डबी सापडली, तिच्यावर मी पानभर लिहिलं. आठ दिवसांनी डबीच्या मालकाने माझा लॉग काढूनच टाकला. एका ओळीत इंग्रजीत कळवलं की डबी कुठे आहे ते तुम्ही सांगून टाकलंय. फार लागलं मला. माझा मामेभाऊ पुण्यात असतो. तो एका दिवसात चाळीस डब्या करतो आणि चाळीसही ठिकाणी ‘टीएफटीसी’ एवढंच चिकटवतो. त्याचा एकही लॉग आजवर कुणी काढला नाही. ‘कोण वाचतं रे? चार अक्षरं टाक आणि पुढे चल,’ म्हणतो. मी मराठीत लिहितो त्यावरही हसतो.

आणखी एक. दोन डब्या मला सापडल्याच नाहीत. त्यांचं मी काहीही लिहिलेलं नाही. आपली फजिती आपणच कशाला छापायची? तुम्हाला काय वाटतं? काढलेला लॉग सोबत पाठवतो आहे.

— डबीवाला, भुसावळ

*

प्रिय डबीवाल्या,

ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते. हा नाद माझ्या घरातही आहे. भाच्याने लावला. डबीपर्यंत पोचायला किती कष्ट पडतील याचा एक ते पाच असा आकडा वेबसाइटवर असतो ना, त्यात मी दीडच्या वर जात नाही. गुडघ्यांचं आणि माझं तसं ठरलंय. त्यामुळे हे उत्तर नुसतं ऐकीव नाही.

कडू आधी. मालकाने बरोबर केलं. तुझा लॉग मी वाचला. नवव्या ओळीत तू डावी-उजवी, पायऱ्यांची मोजदाद आणि कशाच्या मागे हात घालायचा, हे सगळं लिहिलंस. ती ओळ मी इथे छापत नाही, नाहीतर मीही त्याच पंगतीत बसायची. तो बिचारा वेबसाइटवर डबीच्या पानावर जागेची खूण देतो तीसुद्धा झाकून देतो. इंग्रजी वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवलेलं असतं, ज्याला हवं त्यानेच उलगडून वाचावं म्हणून. आणि तू त्याच पानावर, त्याच्याच खाली, उघड्या अक्षरांत घरचा पत्ता लिहून मोकळा झालास.

तुला वाटलं, आपण पाकीट बंद करून पत्र टाकतोय. लॉग हे पोस्टकार्ड आहे रे. ते ज्याच्या नावाने आहे तो वाचतो, पोस्टमन वाचतो, वाड्यातली मधली खोलीवाली वाचते आणि मग शेजारी येऊन आपल्यालाच मजकूर सांगते. आमच्या लहानपणी वडील पोस्टकार्डावर खुशाली, पाऊसपाणी, कापसाचा भाव सगळं लिहीत. पण मुलीच्या स्थळाची गोष्ट असली की अंतर्देशीय आणायला मला टपालात पाठवत. तेवढा विवेक इथेही लागतो. मालकाला नेमक्या जागेबद्दल काही सांगायचं असेल, तर त्याच वेबसाइटवर खासगी निरोप पाठवता येतो. फोटोलाही हेच लागू. समोरचं दृश्य टाक, तुझा हसरा चेहरा टाक. डबी हातात धरून मागे तीच भिंत दिसणारा फोटो टाकू नकोस.

आता मालकाला दोन ओळींचा निरोप पाठव: चूक झाली, तेवढा भाग गाळून पुन्हा लिहितो. त्याने तुझी सही खोडलेली नाही. डबीतल्या कागदावर नाव आहे तोवर ‘सापडली’ म्हणायचा तुझा हक्क शाबूत आहे. कागदावर नाव नसतं, तर मात्र त्याला लॉग काढायचा अधिकार होता आणि तुला तक्रारीला जागा नव्हती.

आता मामेभावाकडे वळू. ‘कोण वाचतं?’ याचं उत्तर सोपं आहे: मालक वाचतो. प्रत्येक लॉगची ईमेल त्याला जाते. ज्याने कुठल्याशा रविवारी डबा विकत घेतला, पाणी शिरू नये म्हणून रबर तपासलं, वही कापून शिवली आणि उन्हात जाऊन जागा हेरली, त्याला या उद्योगातून मिळतं काय? पैसा नाही, नाव नाही. मिळतात ते हे लॉग. थंडीत कुणी शेतात भरीत-पुरीला बोलवावं, काट्या पेटवून वांगी भाजावीत, खलबत्त्यात मिरच्या कुटाव्यात, आणि पाहुण्याने हात धुताधुता ‘थँक्स’ म्हणून गाडीला किक मारावी, तसं ते टीएफटीसी. ‘थँक्स फॉर द कॅश’चं आखडलेलं रूप. आभार आहेत खरे, पण जेवण कसं झालं ते कळत नाही.

आणि वही या खेळात मागाहून आलेली नाही. अमेरिकेने जीपीएसच्या संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक २ मे २००० ला काढून टाकली, सामान्य माणसाच्या हातातलं यंत्रही एकदम नेमकं दाखवू लागलं, आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगॉन राज्यात झाडीत एक काळी बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत किरकोळ चिजा होत्या, आणि त्यांच्यासोबत एक वही आणि पेन्सिल. ‘जिओकॅशिंग’ हा शब्दसुद्धा तेव्हा अजून जन्मला नव्हता. म्हणजे नावाच्या आधी वही होती.

तरीही मी तुझ्या भावाला पुरता दोषी धरणार नाही. रस्त्याच्या कडेला दर दोनशे पावलांवर एकेक डबी अशी माळच लावलेली असेल, तर चाळीस ठिकाणी चाळीस निबंध कुणी लिहू नयेत आणि कुणी वाचूही नयेत. दिव्याच्या खांबाला लोहचुंबकाने चिकटवलेली, करंगळीच्या नखाएवढी डबी असते, तिच्यातल्या कागदाच्या वळकटीवर नाव आणि तारीख सोडून काही मावतही नाही. तिथे ‘खांबाजवळ पाणीपुरीवाला उभा होता, त्यामुळे दोन प्लेट खाव्या लागल्या. आभार.’ एवढं पुरे. लॉग किती मोठा असावा याचा नियम नाही, मालकालाही तशी अट घालता येत नाही. माझं म्हणणं एवढंच की लॉग दुसऱ्या कुठल्याही डबीला चिकटवता येऊ नये. दिवसभराची हकिगत एका डबीखाली सविस्तर लिही, बाकीच्यांना प्रत्येकी एक स्वतःची ओळ दे. चाळीस ओळी काही जड नाहीत. पुणे-भुसावळ गाडीत बसून होतात.

तुझा दोष भावाच्या उलटा आहे. तुझा लॉग पहाटे साडेचारच्या गजराने सुरू होतो. मग आंघोळ. मग पेट्रोल. मग मित्राची वाट बघणं, त्याला उशीर का झाला, त्याच्या आजीची तब्येत. (आजी आता बऱ्या आहेत ना?) मग फैजपूर रस्त्यावरचं पंक्चर. डबी येते सातव्या ओळीत, आणि जी गोष्ट वाचून मी खुर्चीत एकटीच हसले, ती अकराव्या ओळीत अर्ध्या वाक्यात उरकली आहे. डबीच्या मालकाला तुझ्या गजराचं काय करायचंय? तो दिवस तुझा होता, पण पत्र त्याला आहे. त्याला कळायला हवं ते असं: डबी शाबूत आहे का, वही कोरडी आहे का, आणि त्याने निवडलेल्या जागेने तुझं काय केलं.

तुझाच मजकूर, तुझेच शब्द, मी फक्त चाळणी लावते:

‘सकाळी लवकर निघूनही ऊन आमच्या आधी पोचलं होतं. पारावरच्या बाबांनी विचारलं, “काय धुंडी ऱ्हायना रे भो?” मी म्हटलं, मोबाइलची रेंज. “ती तठे टेकडीवर भेटी,” म्हणून त्यांनी हात केला. खोटं बोललोच होतो, तर निभावणं आलं. दोघं मुकाट टेकडी चढलो, पाच मिनिटं फोन हवेत धरून उभे राहिलो आणि उतरलो. वरून नजर पोचेल तिथवर केळीचे मळे दिसले. बाबा चहाला उठले तेव्हा डबी हाती लागली. वही कोरडी, पानं भरपूर, पेन्सिल नाही. शेवटच्या वळणावर ठिबकच्या नळ्या रस्त्यात आल्यात, गाडी अलीकडेच लावावी. डबीबद्दल आभार, टेकडीबद्दलही.’

बघ, गजर गेला तर काही अडलं का? आणि टेकडी आता मालकालाही मिळाली. कदाचित पाच वर्षांत त्याला ती कुणी सांगितलीच नसेल. ठिबकची ओळ मात्र जाऊ देऊ नकोस. शेतातून, बांधावरून जाणाऱ्या वाटेची खबर पुढच्या माणसाला मिळाली नाही, तर नळी तुटते शेतकऱ्याची आणि शिव्या बसतात सगळ्या खेळाला.

बाबांबद्दल जरा थांबते. खेळात नसलेल्या माणसाला ही मंडळी ‘मगल’ म्हणतात आणि लॉगमध्ये त्यांची बरीच टिंगल चालते: एक मगल हलायलाच तयार नव्हता, वगैरे. मला ते आवडत नाही. देवळाजवळ वाकून कोनाडे चाचपणाऱ्या दोघा परक्यांना गावाने हटकलं नाही, तर ते गाव कसलं? पार त्यांचा आहे. तू मूळ लॉगमध्ये बाबांना ‘नमुना’ म्हटलं होतंस, तो शब्द मी काढला. त्यांचा नातूही मोबाइल बाळगून असेल, तोही हे वाचू शकतो.

शैलीचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण चार पानं लिहिणाऱ्याच्या मनात तो असतोच. शैली ठरवून येत नाही, सवयीने येते. माझा भाचा प्रत्येक लॉगमध्ये जवळचा बरा चहा कुठे मिळतो ते लिहितो. बाकी काही लिहो न लिहो. आता लोक त्याचे लॉग चहासाठी वाचतात. मी जवळचं झाड लिहिते. निंब असला तर निंब, आणि ओळखू आलं नाही तर ‘ओळखू न आलेलं’ असं लिहिते. एकदा त्याखाली कुणीतरी मला ‘अंजन’ म्हणून कळवलं. तुला माणसं दिसतात, त्यांचं बोलणं कानात राहतं. मग तेच लिही. विनोद मात्र मालकाच्या खर्चाने नको.

यात मी स्वतः माती खाल्लेली आहे, ती सांगते. धुळ्याकडे एका पडक्या विहिरीच्या काठाला डबी होती. भोवती बाभळी, काटे, दारूच्या बाटल्या. माझी साडी दोन ठिकाणी फाटली. घरी येऊन मी तावातावाने लिहिलं, ‘ही जागा काय बघून निवडली, देव जाणे.’ दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला, अगदी नम्र. त्याचे आजोबा त्या विहिरीवर मोट हाकत. तो स्वतः तिथेच पाठीला डबा बांधून पोहायला शिकला होता. आणि हे सगळं डबीच्या पानावर वर लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. आकडे घेतले होते आणि निघाले होते. लॉग बदलता येतो, तसा मी बदलला. बाटल्या आहेत हे ठेवलं, कारण ते खरं होतं आणि त्याला कळणं गरजेचं होतं. ‘देव जाणे’ काढलं. महिन्याभराने त्याने कळवलं की पोरं जमवून काठ साफ केला. तेव्हापासून मी पान वाचल्याशिवाय निघत नाही आणि राग असेल तर त्या रात्री लिहीत नाही.

आता तुझी फजिती. इथे मला तुझ्यावर खरं रागवायचंय. न सापडलेल्या डबीचा लॉग हा सगळ्यात कामाचा लॉग असतो, आणि तोच तू गिळून बसलास. डबी सापडली असं दहा जण लिहितात तेव्हा मालकाला फक्त आनंद होतो. सापडली नाही असं लागोपाठ तिघांनी लिहिलं की तो उठतो आणि बघायला जातो: पुरात वाहून गेली का, माकडाने नेली का, कुणी सफाईत उचलली का. सगळेच तुझ्यासारखे लाजले, तर नसलेल्या डबीसाठी माणसं चाळीस-चाळीस किलोमीटर येत राहतील, तीही आपल्या मे महिन्यात.

फक्त शब्द जपून वापर. ‘डबी गेली आहे’ असं लिहू नकोस. तुला ते माहीत नाही. ‘मला सापडली नाही’ हे तुला माहीत आहे. किती वेळ शोधली, ऊन होतं की अंधार, मोबाइलवरचे आकडे कुठे नाचत होते, अर्ध्यातून का परतलास, ते लिही. कुत्रं मागे लागलं असेल तर कुत्रंही लिही, त्याने पुढच्याचं भलं होईल. असले लॉग वाचायला सापडलेल्यांपेक्षा जास्त मजा येते हे आणखी वेगळं. वही भिजून लगदा झाली असेल किंवा झाकण तडकलं असेल, तर मालकाला लक्ष घालायला सांगणारी निराळी नोंद आहे, ती कर. आभारांच्या ओळीत ते पुरू नकोस. आणि सापडली नाही म्हणून आपल्या खिशातली नवी डबी ठेवून ‘सापडली’ लिहिणारेही महाभाग असतात. मालकाला न विचारता तसं कधी करू नकोस. जुनी कोपऱ्यात असतेच, मग एका जागी दोन होतात आणि पुढच्यांचा गोंधळ उडतो.

त्या दोन्ही नोंदी आज रात्रीच टाक. तारीख मागची निवडता येते.

राहिली भाषा. भाऊ हसतो, हसू दे. चाळीसगावजवळ पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात, शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याचा तो लेख. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्यात घराण्याची थोरवी, विद्वत्ता सगळी संस्कृत श्लोकांत आहे. पण पाटणच्या बाजारातलं कुठलं उत्पन्न मठाला लावून दिलं, हा रोजचा व्यवहार आला तिथे लेख मराठीत उतरतो. ज्यांनी ते द्यायचं होतं त्यांना कळायला नको का? सुमारे आठशे वर्षांपूर्वी खानदेशात दगडावर लिहिणाऱ्याला जी अक्कल होती, तीच वापर. लिहायचं ते मराठीत लिही. अहिराणी कानावर पडली तर अहिराणीच ठेव. तिचं प्रमाण मराठीत भाषांतर केलंस तर बाबा पुण्याचे होतील. आणि कामाची गोष्ट, म्हणजे वही ओली, रस्ता बंद, पेन्सिल नाही, ही खाली एका इंग्रजी ओळीतही दे, कारण तुझ्या डबीचा मालक इंग्रजीत कळवणारा आहे, मराठी वाचतो की नाही ठाऊक नाही. लांब मराठी लॉग तो मोबाइलकडून भाषांतर करून घेईल. अहिराणीचं मोबाइल काय करतो ते मी एकदा बघितलंय. तेही त्याला वाचू दे, बिचाऱ्याची करमणूक होईल.

तुझी,
ताई

ता. क. डबीत पेन्सिल नाही असं तू लिहिलंस, पण तिथे दुसरी ठेवली नाहीस. पुढच्या खेपेला शिसपेन्सिल अर्धी तोडून ने आणि तुकडा आत टाक. पेन नको, आपल्याकडच्या उन्हात शाई गळते आणि मग वहीत कुणाचंच नाव वाचता येत नाही.